‘विकृती’ म्हणून सुटका नको!

दलितांवर कुठे अमानुष अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास छापून येतो, तो म्हणजे ‘विकृती’. चार माथेफिरूंनी केले, गाव बिचारे भोळे! हा शब्द आम्हाला मान्य नाही.

दुसऱ्याच्या वेदनेत सुख मानण्याच्या वृत्तीला मानसशास्त्रात सॅडिझम, म्हणजे परपीडन, म्हणतात. फ्रान्समधील लेखक मार्की द साद याच्या नावावरून हा शब्द आला. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने तो लैंगिक विकारासाठी वापरला. पण एरिक फ्रॉम यांनी १९७३ साली त्याचा खरा गाभा उघडा केला. जिवंत माणसावर संपूर्ण ताबा मिळवण्याची हाव, हा तो गाभा. रागावलेला माणूस मारून शांत होतो. परपीडकाला समोरचा कण्हताना, विनवताना पाहायचा असतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ साली ‘परपीडक व्यक्तिमत्त्व’ हा विकार आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात घेतला आणि १९९४ साली वगळला. आरोपी कोर्टात आजाराची ढाल पुढे करतील, ही भीती तेव्हा बोलून दाखवली गेली होती. आपल्याकडे तर ही ढाल आरोपीने मागायच्या आतच संपादक मंडळी त्याच्या हातात देतात!

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. उच्च न्यायालयाने २०१० साली तो सूड ठरवला. ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून भरदिवसा झोडपले. मारणाऱ्यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि स्वतःच ते पसरवले. आम्ही विचारतो, रागाला कॅमेरा कशाला लागतो? वेडा माणूस प्रेक्षक जमवतो काय? ज्याला आपल्या समाजाची शाबासकी मिळणार याची खात्री आहे, तोच आपल्या गुन्ह्याचा पुरावा स्वतः वाटत फिरतो.

हा ताबा गाजवायला जातिव्यवस्था जन्मतःच माणूस हाती देते. जात ही मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले. तेव्हा तपासायचेच असेल तर एकट्या आरोपीचे डोके तपासून भागणार नाही. भोवती उभे राहून बघणाऱ्यांचेही तपासावे लागेल.

उन्यात मार खाल्लेल्या त्या कुटुंबाने २०१८ साली आपल्याच गावात, मोटा समढियाळा येथे, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याचेही चित्रीकरण झाले.