बंब काढावा कीं ठेवावा?

गेल्या पौषांत आमच्या अहिल्यानगरच्या घरीं एका तांब्याच्या बंबावरून वाद माजला. पहाटे साडेचारला उठून बंब पेटविण्याचें काम चाळीस वर्षें आमच्या कुटुंबाकडे आहे. धुरानें तिचे डोळे चुरचुरतात, आणि अलीकडे खोकलाही जडला आहे. चिरंजीवांचें म्हणणें, उष्णतापंप बसवावा व बंब मोडींत घालावा. बंब आमच्या मातोश्रींच्या वेळचा. तो मोडींत जाणार हें ऐकून, जिला त्याचा त्रास तीच प्रथम रागावली!

उष्णतापंप या नांवानें कोणीं दचकूं नये. फ्रिज आंतील उष्णता बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून पाण्यांत सोडतो. वीज उष्णता निर्माण करण्यांत नव्हे, वाहून नेण्यांत खर्च होते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास विजेच्या साध्या हीटरला सुमारें ३.५ युनिटें लागतात; पंपाचें काम सव्वा ते दीड युनिटांत भागतें.

मात्र हवा जितकी गार, तितके पंपास कष्ट अधिक. शिवाय तो पाणी सावकाश तापवितो. दहा माणसांच्या स्नानाचें पाणी रात्रींच टांकींत तयार हवें. तो गार हवा बाहेर टाकतो, म्हणून कोंदट न्हाणीघरांत न बसवितां उघड्यावर बसवावा. बोअरचें पाणी जड असेल तर क्षार धरतात, त्यांची सफाई वेळच्या वेळीं करावी. आणि वीज गेली कीं पंप मुका!

ज्या थंड देशांत घरोघर तळघरांत तेलाची भट्टी असते, तेथेंही पुष्कळ लोक तिला पंपाची जोड देतात, पण भट्टी ठेवतात. कडाक्याच्या थंडींत तीच उपयोगी पडते. इतक्या दूर तरी कशाला जावें? आपल्याच जिल्ह्यांत शिर्डीच्या प्रसादालयासाठीं २००९ सालीं सूर्यकिरणें एकवटून वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसविल्या, तेव्हां ती वाफ जुन्या बॉयलरच्या व्यवस्थेलाच जोडून दिली. आभाळ आलें म्हणून हजारों पानें खोळंबून कशीं चालतील?

हा दाखला चिरंजीवांस पटला. माघांत पंप गच्चीवर बसला आणि बंब परसांत गेला. पंपाचें पाणी त्यांत सोडलेलें नाहीं. दोहोंची व्यवस्था निराळी. वीज नसेल त्या दिवशीं बंब पेटवावयाचा, व तो चिरंजीवांनीं, असें त्यांच्या आईसमक्ष कबूल करून घेतलें.

गेल्या मंगळवारीं रात्रभर वीज नव्हती. चिरंजीव साडेचारला कांहीं उठले नाहींत, सहाला उठले. त्या दिवशीं आमची संध्या उशिरां झाली, पण कुटुंब अंथरुणांतून हाललें नाहीं.