धूर गेला, दारू राहिली

१४ नोव्हेंबर २००९. दक्षिण कोरियातील बुसान शहर. कुक्चे बाजाराच्या गजबजलेल्या परिसरातील एका बंदिस्त नेमबाजी केंद्राला आग लागली आणि पंधरा माणसे दगावली. त्यांपैकी दहा जपानी पर्यटक होते. जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे तो अनुभव घ्यायला तेथील प्रवासी हौसेने कोरियातल्या अशा केंद्रांत जात.

तपासात जे कारण पुढे आले ते असे: गोळीबाराच्या मार्गिकेत न जळलेली दारू साचली होती, तिच्यावर ठिणगी पडली. ही घटना सांगताना आपण या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवतो. ठिणगी पडली, दैव आडवे आले, अपघात झाला. माझा आक्षेप याच सांगण्याला आहे. जिथे दर बार ज्वाळेसह सुटतो आणि गोळी पोलादावर आदळते, तिथे ठिणगी हा अपवाद कसा? ठिणगी हा तर तिथला रोजचा व्यवहार. विचारायचे ते हे, की जमिनीवर दारू का होती?

इथे इतिहासप्रेमींनाही थोडे खडसावले पाहिजे, आणि त्यात मीही आलो. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली, १८८६ ची लेबेल रायफल तिच्यासाठीच घडली, मागोमाग नोबेलची बॅलिस्टाइट आणि इंग्रजांची कॉर्डाइट आली, हे आपण तोंडपाठ सांगतो. रणांगणावरचा धूर विरला, नेमबाज अदृश्य झाला, युद्धकला पालटली. कथा तिथे संपते. ‘धूरविरहित’ या शब्दाने आपल्याला भुरळ घातली आहे; आपण त्याचा अर्थ ‘निर्मळ’ असा करून बसलो.

काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो. तोच तो धूर, तीच ती काजळी. नायट्रोसेल्युलोजची नवी दारू जवळजवळ सगळी वायूरूप होते. मात्र ‘जवळजवळ’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. पिस्तुलाची नळी आखूड असते. काही दाणे जळण्याआधीच बाहेर फेकले जातात आणि नेमबाजाच्या पुढ्यात काही पावलांवर पडतात. एका बाराचे दाणे नगण्य. दिवसभरात हजारो बार झाले, की ते फटींत, गालिच्यात, भिंतीवरच्या ध्वनिशोषक स्पंजाच्या छिद्रांत, हवा ओढणाऱ्या नळकांड्यांत शिरतात. काजळीसारखे ते डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून पुसलेही जात नाहीत.

‘उघड्यावर ही दारू स्फोट पावत नाही, नुसती जळते,’ असे उत्तर हमखास येते. खरे आहे, आणि अर्धेच खरे आहे. या दारूच्या रेणूतच प्राणवायू असतो. वरून वाळू टाकून तिला गुदमरवता येत नाही. बंद दालनात पसरलेला थर पेटला, तर ज्वाळा क्षणांत टोक गाठते. स्पंज पॉलियुरेथेनचा असला तर विषारी धूर माणसाला दाराशी पोहोचू देत नाही. शिवाय ही दारू फार गरीब आहे असे मानणाऱ्यांनी तुलाँ बंदर आठवावे: १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौका आपल्याच कोठारातील दारूने उद्ध्वस्त झाल्या. तिथे कारण वेगळे होते, साठ्यातली जुनी दारू कुजून तापली. पण दुर्लक्ष त्याच जातीचे.

आणि काळ्या दारूचे कारागीर, ज्यांना आपण मागासलेले समजतो? लंडनजवळच्या वॉल्थम अ‍ॅबी येथील दारूच्या कारखान्यात कामगारांच्या कपड्यांना खिसे नसत, धातूच्या गुंड्या नसत. उंबऱ्याशी जोडे बदलावे लागत. हत्यारे तांब्याची वा लाकडाची. युद्धनौकेच्या कोठारात दिवासुद्धा काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत ठेवत. सांडलेली चिमूटभर दारू म्हणजे मृत्यू, हे त्या अशिक्षित हातांना ठाऊक होते. आजच्या केंद्रात मात्र साधा झाडू फिरतो, किंवा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर, ज्याच्या मोटारीतच ठिणग्या उडतात. ओले पुसणे, स्फोटरोधी यंत्राने दारू ओढणे, वारा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहील अशी व्यवस्था करणे, भिंतींना न जळणारे अस्तर देणे: यांतले काहीही गूढ नाही. खर्चाचे आहे, कंटाळवाणे आहे, आणि ते करणाऱ्या सफाई कामगाराचे नाव कुठल्याही शस्त्रेतिहासात येत नाही.

मुंबईकरांनी माझगावच्या गनपावडर रोडवरून जाताना, किंवा जवळच्या दारूखान्यात, एवढे पाहावे. दारूचे काम तेव्हा कोटाच्या तटबंदीबाहेर, दूर नेले होते. बुसानमध्ये ती दारू भर बाजारात होती, चार भिंतींच्या आत, आणि तिला कोणी दारू म्हणतही नव्हते. ती कचरा होती.