दुखणे अंगावर कोण काढतो?

ऐन पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात पहिल्या पाळीला उभ्या असलेल्या एका कंत्राटी कामगाराच्या अंगात कणकण भरली. रात्री ताप १०३ अंशांवर गेला. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या घेऊन तो कामावर गेला, कारण खाडा पडला की मुकादम दुसरा माणूस उभा करतो. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या डॉक्टरने इंजेक्शन टोचले, सलाईन लावले आणि दोन दिवसांची मजुरी घेतली. पाचव्या रात्री त्याला धाप लागली, ओठ निळसर झाले. बायकोने व शेजाऱ्यांनी रिक्षात घालून त्याला सरकारी रुग्णालयात नेले. फ्लू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला होता. केसपेपर लिहिताना तरुण डॉक्टरने रागाने विचारले, ‘इतके दिवस होता कुठे?’ नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या त्या माणसाने उत्तर दिले, ‘कामावर.’

साथीच्या दिवसांत ‘दुखणे अंगावर काढू नका’ असा उपदेश भिंतीभिंतीवर झळकतो. उपदेश खोटा नाही. ओसेल्टामिविर हे औषध विषाणूचा पेशीतून पेशीत होणारा फैलाव रोखते. म्हणून लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झाले तर त्याचा गुण सर्वाधिक येतो. (अत्यवस्थ रुग्णाला ते उशिरानेही द्यावेच लागते.) २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा हे औषध सरकारी केंद्रांतच मिळे आणि तेथे रांगा लागत. २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते दुकानांत मिळू लागले. म्हणजे औषध आहे, ज्ञानही आहे. मात्र ती चिठ्ठी लिहून घेण्यासाठी जो एक दिवस मोकळा लागतो, तो रोजंदारीवरच्या माणसाने आणावा कोठून? सरकारी बाह्यरुग्ण विभाग उघडतो सकाळी आणि पहिली पाळीही भरते सकाळीच!

आजारपणातील वेतनाची तरतूद देशात नाही, असे कोणी म्हणणार नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा भत्ता ठेवलेला आहे. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आणि कंत्राटदार बदलला, मध्ये काम तुटले, की कंत्राटी कामगाराचे हे ७८ दिवस कधी भरतच नाहीत. बांधकामावरचे मजूर, घरकामगार स्त्रिया, हमाल यांना तर या योजनेचे दार अद्याप बहुतांशी बंदच राहिले आहे. त्याहून विलक्षण गोष्ट १९४८ च्या मूळ कायद्यात होती. आजाराचे पहिले दोन दिवस त्याने भत्त्यातून वगळले. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडण्याचे भाग्य ज्याला लाभेल, त्यालाच तेवढी सूट! पहिले दोन दिवस म्हणजेच ४८ तास. वैद्यकशास्त्र ज्या ४८ तासांत कामगाराला डॉक्टरकडे धाडू पाहते, नेमक्या त्याच ४८ तासांची किंमत कायद्याने त्याच्या खिशातून वसूल केली. खोटे आजारपण रोखण्याचा हा उपाय, असे समर्थन केले जाते. पगारी रजा उपभोगणाऱ्या साहेबाच्या तापाविषयी असा संशय कधी घेतला जात नाही, हे विशेष.

रोगाचा विषाणू माणसामाणसांत भेद करीत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. १९१८ च्या जूनमध्ये गोदीच्या वाटेने मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाचे आकडे निराळेच सांगतात. त्या वेळच्या सरकारी दफ्तराने ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत मृत्यूचे प्रमाण हजारी ६१.६ होते, युरोपियनांत ८.३. फ्लूवरचे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते. फरक होता तो खोलीत किती माणसे झोपतात, पोटात काय जाते आणि आजारी माणसाला पडून राहता येते की नाही, याचा.

आजाराच्या पहिल्या दिवसापासून वेतन, कंत्राटदार बदलला तरी न तुटणारी विम्याची नोंद आणि औद्योगिक वसाहतींत संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना: या मागण्यांसाठी कोणा नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

तो कामगार वाचला. नवव्या दिवशी त्याला घरी सोडताना पंधरा दिवस विश्रांती घेण्याची चिठ्ठी मिळाली. चौथ्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकावर होता. त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता, आणि तोही खोकत होता.