ससे आणण्याआधी घर तयार करा

वार्षिक परीक्षा संपल्या की घराघरांत मुलांचे हट्ट सुरू होतात. कुणाला सायकल हवी असते, कुणाला बॅट, तर कुणाला पांढरे ससे. वडीलही पगाराच्या दिवशी पिशवीतून सशांची जोडी घेऊन येतात. चार दिवस घरात आनंदीआनंद असतो. मग एका सकाळी ससा कोपऱ्यात मरून पडलेला सापडतो. मूल रडते आणि आपण म्हणतो, "जाऊ दे, दुसरा आणू!" आम्हांला हे वाक्य फार खटकते. एक जीव गेला तर दुसरा विकत मिळतो, एवढेच मूल त्यातून शिकते. ससा नशिबाने मेला असेही आपण म्हणतो. पण पुष्कळदा घर त्याच्यासाठी तयार नसते, म्हणून तो मरतो.

पहिला विचार उन्हाचा करा. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. आपल्यातल्या अनेकांची घरे पत्र्याची आहेत. तेव्हा पोटमाळ्यावर किंवा पत्र्यालगत पिंजरा ठेवू नका. खाली फरशीवर, सावलीच्या भिंतीकडे, स्टोव्ह आणि धुरापासून दूर अशी जागा निवडा. दुपारी खिडकीला ओले गोणपाट लावा. जमल्यास मे महिना जाऊ द्या आणि पाऊस पडून हवा गार झाल्यावर ससे आणा.

दोन सशांना निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पिंजरा हवा. तळाला नुसती जाळी नको, तिने पायांना जखमा होतात. लाकडी फळी टाकून वर वाळलेले गवत पसरा. लपायला आंब्याची रिकामी पेटी आडवी ठेवा, तिचे खिळे मात्र आधी काढा. पाण्याला जड मातीचे भांडे ठेवा, म्हणजे ते कलंडत नाही. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात घाण करतो. तिथे कागद घातलेला पसरट ट्रे ठेवा आणि रोज साफ करा. चाळीत रात्री मांजरे आणि घुशी फिरतात, म्हणून दाराला पक्की कडी लावा. ससे दिवसातून दोन-तीन तास मोकळे सोडावेत, पण आधी विजेच्या वायरी उंच बांधा. त्या कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही.

खाण्याबाबत मोठा गैरसमज आहे. गाजर हे सशाचे जेवण नव्हे, तो अधूनमधून द्यायचा खाऊ आहे. त्याचे खरे अन्न गवत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. वाळलेले गवत दिवसरात्र समोर असावे. बुरसटलेले गवत मात्र फेकून द्या. जोडीला हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला धुऊन द्यावा. कांदा, लसूण, बटाटा, पाव, बिस्किट आणि चॉकलेट अजिबात देऊ नये. सशाला ओकता येत नाही. त्याने अर्धा दिवस काही खाल्ले नाही तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. म्हणून जवळचा जनावरांचा दवाखाना कुठे आहे, तो किती वाजता उघडतो आणि तिथे ससा तपासतात का, हे आधीच विचारून ठेवा.

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर घेऊ नका. ते आईवेगळे करण्याजोगे झालेले नसते. दुसरे म्हणजे, जोडी नर-मादीची असेल तर मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात दहा बाय बाराच्या खोलीत किती ससे होतील, याचा हिशेब करा. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे कठीण असते, म्हणून डॉक्टरांना दाखवून दोन माद्या ठेवाव्यात. गावाकडे सुट्टीला गेलात तर रानातले सशाचे पिल्लू उचलून आणू नका. रानससा वेगळा प्राणी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला मनाई आहे.

मुलांना दोन गोष्टी शिकवा. सशाला कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. तो जोरात पाय झाडू लागला तर त्याचा कणाही मोडू शकतो. आणि त्याला आंघोळ घालू नये.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज चौथीत असलेले मूल कॉलेजात जाईल तेव्हाही तो घरात असेल. तोवर घाण कोण काढणार? बहुतेक घरांत ते काम आईच्या अंगावर पडते. पहाटे नळावर उभी राहणारी आणि मग कामावर जाणारीही तीच असते. म्हणून आमची एक सूचना आहे. पिंजरा आधी तयार करा आणि ससे आणायचे आठ दिवस लांबवा. मुलाने रोज सकाळी उठून गवत-पाला आणावा, पाणी बदलावे, कोपऱ्यातला कागद काढून नवा घालावा. आठव्या दिवशीही न सांगता ते हे करत असेल तर खुशाल ससे आणा. नसेल तर पिंजरा जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असे त्याला सांगा.