डोक्यावरचा सूर्य

शाळेंत असतांना सामान्य विज्ञानाच्या परीक्षेंत मीं असें लिहिलें होतें कीं, रोज दुपारीं बारा वाजतां सूर्य अगदीं डोक्यावर येतो. गुरुजींनीं पुरे गुण दिले. त्या एका वाक्यांत दोन चुका होत्या, व त्या ध्यानांत यावयास पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. लाज वाटते ती चुकांची नव्हे. सूर्य रोज डोळ्यांपुढें असतां एकदांही अंगणांत जाऊन पाहिलें नाहीं, याची!

पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे. त्यामुळें कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गांवींच सूर्य खरोखर माथ्यावर येतो, आणि तोही वर्षांतून दोनच दिवस. मुंबईस हे दिवस 15 मे व 27 जुलै यांच्या आगेंमागें येतात. कोल्हापुरास पहिला दिवस 6 मेच्या सुमारास, नागपुरास 26 मेच्या. दिल्लीकरांच्या माथ्यावर तर तो कधींच येत नाहीं. दुसरी चूक घड्याळाची. भारतांतील सर्व घड्याळें 82½ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात. अंशास चार मिनिटें या हिशेबानें पश्चिमेकडील गांवांचा मध्यान्ह मागाहून होतो. मेच्या मध्यास मुंबईचा मध्यान्ह बारा वाजून सुमारें 35 मिनिटांनीं होतो.

त्या वेळीं सपाट जागीं ओळंब्यानें उभी केलेली काठी पाहावी. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशीं नाहींशी होते. इजिप्तमधील सायीन गांवीं अशी सावली मध्यान्हीं नाहींशी होते, त्याच दिवशीं अलेक्झांड्रियास मात्र ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन करते, एवढ्यावरून सुमारें 2,200 वर्षांपूर्वीं इराटोस्थेनीस या विद्वानानें पृथ्वीचा परीघ काढला : दोन गांवांमधील अंतराची पन्नासपट! काठी, सावली व त्रैराशिक. याहून अधिक सामग्री त्यास लागली नाहीं.

आमचीं मुलें हा परीघ 40,000 किलोमीटर म्हणून घोकतात, आणि शरीरांत हाडें 206 म्हणून घोकतात. आंकडे खरे आहेत, व पाठांतराचा मला तिटकाराही नाहीं. पाढे पाठ नसतील तर त्रैराशिक कोठून येणार? परंतु 206 चा आंकडा तत्काळ सांगणाऱ्या मुलास आपली नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूस लागते हें ठाऊक नसावें, पटांगणास दोन फेऱ्या घालून ती पुन्हां मोजावी असें त्यास कधीं वाटूं नये, ही स्थिति मला चिंताजनक वाटते. जें ज्ञान पडताळतां येतें तें न पडताळतां स्वीकारण्याची संवय एकदां जडली, म्हणजे मग खोटें सांगणाराही तितकाच विश्वासार्ह वाटूं लागतो.

कोणी म्हणतील, हें काम शाळेचें. कबूल, पण मेमध्यें शाळेस सुटी, आणि जुलैंत मुंबईस सूर्य दिसेल याची कोण हमी देणार? तेव्हां हा एक धडा तरी पालकांच्याच वांट्यास येतो. गुण किती मिळाले हा नेहमींचा प्रश्न त्या दिवशीं बाजूस ठेवून त्यांनीं मुलांसह गच्चीवर वा अंगणांत अर्धा तास उभें राहावें. काठी नसल्यास डाळीचा उभा, सरळ बाजूंचा डबाही चालेल. मात्र सवाबारापासूनच पाहत राहावें. सावली नाहींशी होण्याचा क्षण फार थोडा टिकतो.