दुखण्याचे इच्छापत्र



जमिनीची वाटणी, वारसाची नोंद, विहिरीतली पाळी हे सारे आपण कागदावर आणतो. भावाभावांत पुढे तंटा नको. पण आपण बेशुद्ध पडलो आणि बरे होण्याची आशाच उरली नाही, तर यंत्रावर श्वास चालू ठेवायचा का, हे कोणी लिहून ठेवत नाही. मग एक मुलगा म्हणतो दवाखान्यात ठेवा, दुसरा म्हणतो घरी न्या. लोक नावे ठेवतील या धाकाने मोसंबीची बागही गहाण पडते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, म्हणजे सुमारे 42 वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. आपली इच्छा सांगणे त्यांना शक्यच नव्हते. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली.

सज्ञान व शुद्धीवर असलेल्या माणसाने कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहावे. यंत्र नको, रक्त चढवू नये, असेही लिहिता येते. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू नातलगाचे नाव घालावे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यावे. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, जमिनीचे वारस नकोत. एक प्रत त्या नातलगाला, एक नेहमीच्या डॉक्टरांना, एक ग्रामपंचायतीत द्यावी.

जमिनीवर डोळा असलेला कोणी याचा गैरफायदा घेईल, ही भीती रास्त आहे. म्हणून उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळे रोगी तपासतात. साप चावला, अपघात झाला, बाळंतिणीचे रक्त गेले, तर हा कागद आड येत नाही. तो असाध्य दुखण्यापुरताच आहे. धर्मश्रद्धेमुळे कधीच रक्त न घेणारे यहोवाचे साक्षीदार तसे कार्ड खिशात बाळगतात. शुद्धीवर असलेल्या रोग्याने स्वतः दिलेला नकारही डॉक्टरांना मानावा लागतो.

कागद ट्रंकेत कुलूपबंद ठेवू नका. रात्री-बेरात्री जालन्याला किंवा संभाजीनगरला न्यायची वेळ आली तर तो सापडला पाहिजे. इच्छापत्र कोणाकडे आहे, एवढी चिठ्ठी आधार कार्डासोबत ठेवा. मन बदलले तर लेखी रद्दही करता येते. पेरणीआधी सवड आहे तोवर घरधनीण आणि मुलांना जवळ बसवून एकदा बोलून घ्या.