लपवलेली पेटी आणि उघडा सेल

रांजणगाव-कारेगाव परिसरातील कामगारांच्या खोल्या, शिरूर शहरातील नवे फ्लॅट, दौंडमधील रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे किंवा केडगाव-पाटसकडचे मळ्यातले बंगले. घर लहान असो की मोठे, बैठकीच्या खोलीची एक भिंत आता बऱ्याच ठिकाणी सारखीच दिसते. भिंतीवर पातळ टीव्ही आणि त्याखाली प्लायवूडचे बंद कपाट. सेट टॉप बॉक्स, साउंडबारचा वूफर, वायफायचा राउटर आणि वायरींचा गुंता या कपाटात जातो. समोर दिसतो तो फक्त पडदा.

याला केवळ हौस म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. रस्त्याकडेच्या घरात धूळ असते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पेटली की हवेत काजळी येते. बॉक्सच्या उबेला पाली येऊन बसतात, उंदीर वायर कुरतडतात. शिवाय ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे लोंबणारी वायर ओढली जाणार आणि जोडाच्या फटीत बोट जाणार हे ठरलेलेच. उपकरणे बंद कपाटात ठेवणे ही अशा घरात सुरक्षेचीही गोष्ट आहे. प्रश्न पुढे येतो. कपाटाचे दार लावले की रिमोट चालत नाही, आणि तो चालावा म्हणून जे स्वस्त उपाय केले जातात त्यांतले काही घरात एक नवा धोका आणून ठेवतात. हा धोका रुपयाच्या नाण्याएवढा असतो.

आधी रिमोट का थांबतो ते पाहू. बहुतेक रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो आणि सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. या लुकलुकण्यातूनच ‘आवाज वाढव’, ‘पुढचे चॅनेल लाव’ हा निरोप बॉक्सपर्यंत जातो. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले तर हा दिवा अनेक फोनमध्ये जांभळट चमकताना दिसतो. हा प्रकाशच असल्यामुळे तो काचेतून जातो, पांढऱ्या भिंतीवर आपटून परततो, पण लाकडातून पार होत नाही. म्हणून दार बंद झाले की बॉक्स आंधळा होतो.

त्याला डोळा देणे महाग नाही. सर्वांत साधा उपाय सुतार काम करत असतानाच करता येतो. दाराच्या मधल्या भागात प्लायवूडऐवजी काच किंवा स्पीकरवर लावतात तसले विरळ कापड बसवून घ्यायचे. दार आधीच तयार असेल तर काही शे रुपयांत मिळणारा ‘आयआर एक्स्टेंडर’ पुरतो. याच्या वायरीच्या एका टोकाला छोटा डोळा असतो, तो टीव्हीखाली दिसेल असा चिकटवायचा. दुसऱ्या टोकाचा इवलासा दिवा कपाटातील बॉक्सच्या डोळ्यावर चिकटवायचा. बाहेरचा डोळा रिमोटचा निरोप ऐकतो आणि आतला दिवा तोच बॉक्सला सांगतो. वीज टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या यूएसबी खाचेतून मिळते, म्हणजे त्यात सेलच नसतो. ज्या स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, तिला समोरासमोर असण्याची गरज नसते. ती टीव्हीच्या मागे दडवली तरी चालते. साउंडबार टीव्हीच्या ‘एचडीएमआय एआरसी’ खाचेला जोडला आणि सेटिंगमध्ये परवानगी दिली, की टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमीजास्त होतो. काही मोबाइल फोनमध्येही अवरक्त दिवा असतो, तो रिमोटचे काम करू शकतो.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. बॉक्स, राउटर आणि ॲडॉप्टर गरम होतात. कपाटाची मागची बाजू उघडी ठेवावी किंवा वर-खाली हवेला वाट ठेवावी. बॉक्सवर कापड टाकू नये, त्यावर दुसरा बॉक्स रचू नये आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डाला सगळे ॲडॉप्टर लटकवू नयेत.

आता धोक्याकडे. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सच्या नेहमीच्या रिमोटमध्ये पेन्सिल सेल असतात. उपकरणे लपवताना मात्र आणखी काही वस्तू घरात येतात. टीव्हीच्या खाचा कमी पडतात म्हणून एचडीएमआय स्विच येतो. टीव्हीमागे उजेड हवा म्हणून रंगीत एलईडी पट्टी येते. स्वस्त स्पीकर येतो. यांच्यासोबत अनेकदा पत्त्याच्या पानासारखा पातळ, छोटा रिमोट मिळतो आणि त्यात असतो चपटा बटण सेल. त्यावर बहुधा ‘सीआर २०२५’ किंवा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. यातला २० हा आकडा म्हणजे २० मिलिमीटर व्यास, आणि उरलेले दोन आकडे जाडी सांगतात: अडीच किंवा ३.२ मिलिमीटर. असा रिमोट हलका, गुळगुळीत आणि रंगीत बटणांचा असतो. रडणाऱ्या मुलाच्या हातात तो सहज दिला जातो. सेलची खाच नखाने चिमटा घेऊन ओढली की बाहेर येते. एखादा रिमोट दोनदा खाली पडला की ती आपोआप निघते.

हा सेल मुलाने गिळला तर काय होते, याबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘नाणे गिळले तर शौचावाटे पडते, तसेच हेही पडेल’, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. नाण्यात वीज नसते. लिथियमचा बटण सेल तीन व्होल्टचा असतो. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. दोन्ही बाजूंना ओल्या भिंती असतात, लाळेतून मंडल पूर्ण होते आणि प्रवाह वाहू लागतो. सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती अन्ननलिकेची भिंत जाळू लागते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. सेल बाहेर काढल्यानंतरही जळालेली भिंत झिजत राहते. त्यामुळे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडणे, किंवा काही दिवसांनी, काही आठवड्यांनी मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होणे, अशा गोष्टी घडू शकतात.

दुसरी अडचण अशी की मूल सांगू शकत नाही आणि लक्षणे फसवी असतात. लाळ गळणे, घास नको म्हणणे, उलटी, खोकला, घरघर, छातीत दुखल्यासारखे रडणे. यातले प्रत्येक लक्षण सर्दी-खोकल्यातही दिसते. कधी सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणून लहान मूल अचानक खाईनासे झाले आणि घरातला एखादा रिमोट रिकामा सापडला, तर तेवढी शंकाही पुरेशी समजावी. सेल नाकात किंवा कानात घातला गेल्यास तीही तातडीचीच वेळ असते. तिथे थेंब घालू नयेत. ओलाव्याने जळण्याचा वेग वाढतो.

दोन तासांचा हा हिशेब शिरूर-दौंडकरांनी नकाशासमोर बसून मांडायला हवा. शिरूर ते पुणे हे अंतर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, पण शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी ज्याने अनुभवली आहे तो वेळ किलोमीटरमध्ये मोजत नाही. दौंडहून पुणे साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर. ‘संध्याकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणण्याइतकी सवलत हा सेल देत नाही. म्हणून पहिली धाव जवळच्या, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात घ्यावी. एक्स-रेमध्ये नाणे एकसंध गोल दिसते, तर बटण सेलच्या कडेला बहुधा दुहेरी वर्तुळ दिसते. सेल अन्ननलिकेत असल्याचे कळले की दुर्बिणीने तो काढण्याची सोय कुठे तयार आहे हे डॉक्टरांनी फोनवर विचारून मगच मुलाला पुढे पाठवावे. दौंडकरांना बारामतीचे, शिरूरकरांना अहिल्यानगरचे अंतर पुण्याहून कमी आहे. जवळचे शहर कोणते यापेक्षा या घटकेला दुर्बीण आणि भूलतज्ज्ञ कुठे आहेत, हे महत्त्वाचे. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांनी काय करावे आणि काय करू नये, हे थोडक्यात असे. मुलाला उलटी करायला लावू नये. घशात बोट घालू नये. केळे, भात, पाणी देऊन सेल ‘खाली ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, सेल गिळून बारा तासांहून कमी वेळ झाला असेल, मूल नीट गिळू शकत असेल आणि मध हाताशी असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्यावा. असे जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर भिंतीचे थोडे रक्षण करतो आणि अल्कलीची तीव्रता कमी करतो. हा उपचार नव्हे. त्याने फक्त थोडा वेळ मिळतो. मध शोधत बसण्यात वेळ घालवू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊच नये. रिमोट किंवा सेलचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे सेल कोणता हे डॉक्टरांना लगेच कळते.

हे सगळे टाळणे त्याहून सोपे आहे, आणि त्याची किल्ली पुन्हा त्या कपाटापाशीच आहे. उपकरणे लपवताना घरातले रिमोट वाढवणारा नव्हे, तर कमी करणारा उपाय निवडावा. काचेचे दार, यूएसबीवर चालणारा एक्स्टेंडर, टीव्हीच्या रिमोटवर चालणारा साउंडबार, या तिन्ही उपायांत बटण सेल लागत नाही आणि खर्चही आटोक्यात राहतो. पत्त्यासारखा रिमोट नको असेल तर त्यातला सेल काढून टाकावा. हवाच असेल तर खाचेवर मजबूत चिकटपट्टी गुंडाळून तो वरच्या फळीवर ठेवावा. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत लपेटूनच टाकावा, खिडकीत किंवा ड्रॉवरमध्ये सोडू नये. रिमोट हे खेळणे नाही, ही सवय घरातल्या मोठ्यांनी स्वतःला लावावी.

सगळा भार पालकांवर टाकून मात्र चालणार नाही. ज्या खोलीत आई-वडील दोघेही पाळीत काम करतात आणि मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते, तिथे ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला अपुराच ठरतो. तिथे वस्तूनेच मुलाचे रक्षण करायला हवे. ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून बटण सेल असलेल्या वस्तूंसाठी सक्तीचे सुरक्षा नियम लागू केले. अमेरिकेत रिमोटमधला सेल गिळल्यामुळे दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीच्या नावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रीसचा कायदा’ झाला. त्यामुळे तिथे सेलची खाच मुलाला उघडता येणार नाही अशी बनवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. विजेच्या खेळण्यातील छोटा सेल मुलाच्या हाती सहज लागू नये, हे त्या मानकात गृहीत धरले आहे. मग त्याच सतरंजीवर, त्याच खेळण्याशेजारी पडलेल्या रिमोटची खाच नखाने उघडत असेल, तर त्या नियमाने मुलाला किती वाचवले? मुलाच्या लेखी दोन्ही खेळणीच आहेत.

मागणी मोठी नाही. बटण सेलच्या प्रत्येक घरगुती वस्तूच्या खाचेला एक स्क्रू असावा, आणि पाकिटावर मराठीत ठळक सूचना असावी. एका स्क्रूने वस्तूची किंमत फारशी वाढत नाही. कायदा होईपर्यंत शिरूरच्या आणि दौंडच्या बाजारपेठेतील दुकानदारांना एक गोष्ट करता येईल. एलईडी पट्टी किंवा स्विच विकताना ‘घरात लहान मूल आहे का’ एवढे विचारावे, आणि असेल तर स्क्रूच्या झाकणाचा रिमोट असलेला माल दाखवावा. गिऱ्हाईक स्क्रू मागू लागले की घाऊक व्यापारी तसा माल मागवतील.

कपाटाचे दार जरूर लावावे. त्याआधी घरातले सगळे रिमोट एकदा पालथे करून कोणाची खाच नखाने उघडते ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.